नीटनंतर निसर्गोपचार: लातूरकडचं एक प्रकरण

जूनमध्ये नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात दोन प्रकारचे पालक दिसतात. एक फ्लेक्स छापायला धावतात, दुसरे फाईल काखेत मारून 'आता पुढं काय' विचारत फिरतात. माझ्याकडं येतात ते दुसरे. माझी सगळी नोकरी बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात झाली. आता ओळखीपाळखीच्या घरातल्या पोरांचे पसंतीक्रमाचे फॉर्म भरून देतो. पैसे घेत नाही, त्यामुळं लोक खरं बोलतात. पहिल्या भेटीत नाही, पण दुसऱ्या भेटीत नक्की.

हे कुटुंब रेणापूर तालुक्यातलं. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, जोडीला कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. आई घर सांभाळून दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या. मुलगी थोरली, रिपीटर बॅच करून दुसऱ्यांदा नीट दिलेली. ७२० पैकी गुण असे, की एमबीबीएसचं नाव काढायला नको, सरकारी बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) थोडक्यात हुकलेलं, खासगी बीएएमएस मिळेल पण फी ऐकून वडील गप्प, आणि बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) हमखास. फाईलमध्ये या सगळ्यांच्या मधोमध एक गुळगुळीत रंगीत कागद होता. कर्नाटकातल्या एका कॉलेजचं माहितीपत्रक, बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगविज्ञानाची पदवी.

"हे कुणी काढलं?" मी विचारलं.

तिघंही एकदम बोलले आणि तिघांनी वेगवेगळं सांगितलं. वडील म्हणाले, "सर, एकजण भेटला होता, सीट पक्की म्हणला. नीटची भानगड नाही, साडेपाच वर्षांचंच हाय, नावापुढं डॉक्टर लागतंय." आई म्हणाल्या, "माझे गुडघे त्यानंच बरे झाले, मीच म्हणलं." मुलगी म्हणाली, "मला लोकांची सेवा करायची आहे." हे वाक्य मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की त्याच्यावर काही बोलायचं मी सोडून दिलंय. ते कोचिंगवाल्यांनी मुलाखतीसाठी पाठ करून घेतलेलं असतं.

या तीन उत्तरांमधलं खरं कारण कोणतं आणि ते मुलीचं स्वतःचं आहे का, हे शोधण्यात पुढचे काही महिने गेले. निसर्गोपचाराकडं माणसं का वळतात, हे त्यात मला जेवढं जवळून दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं.

वडिलांचं कारण

आधी नियम बघू, कारण वडिलांचं सगळं गणित त्यावरच होतं. बीएएमएस, बीयूएमएस (युनानी), बीएचएमएस या सगळ्यांना नीट लागते. बीएनवायएसही साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी तेवढ्याच लांबीची पदवी आहे. पण भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी २०२० साली राष्ट्रीय आयोगाचा जो कायदा झाला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आहेत, निसर्गोपचार नाही. त्यामुळं प्रवेश कुठं राज्याच्या सीईटीवर होतो, कुठं बारावीच्या गुणांवर. नोंदणीचंही राज्यागणिक वेगळं. कर्नाटकाच्या १९६१ च्या कायद्यात निसर्गोपचाराचं नाव आहे आणि तिथल्या पदवीधराला तिथं नोंदणी करता येते. तीच नोंदणी सीमा ओलांडून उदगीर-निलंग्यात आपोआप चालेल असं कुणी गृहीत धरू नये. हे एजंट सांगत नाही. त्याचं काम सीट भरेपर्यंत.

वडिलांना मी एवढंच विचारलं, "पोरीनं दवाखाना कुठं टाकायचा?"

"गावातच. दुकानाच्या वर माडी काढतो की." मग थोडं थांबून, "सर, सलाईन लावता येईल ना तिला?"

मी नाही म्हणालो. निसर्गोपचाराच्या पदवीवर इंजेक्शन, सलाईन, ॲलोपॅथीच्या गोळ्या लिहायच्या नसतात. त्यांचा चेहरा पडला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्याकडं सुई मारल्याशिवाय आणि बाटली टांगल्याशिवाय त्याला डॉक्टर म्हणत नाहीत. पेशंट स्वतःच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक ताकदीची लावा." वडिलांना हवी होती ती पाटी, आणि पाटीखाली सलाईनचा स्टँड. निसर्गोपचार हा त्यांच्या लेखी तिथं जायचा आडरस्ता होता.

अशी पोरं पुढं काय करतात ते मी पाहिलंय. पदवी एका पॅथीची, धंदा दुसऱ्या पॅथीचा. सहा महिन्यांचा टपालानं मिळणारा कोर्स करून 'डॉ.' लावणारे तर वेगळेच. त्यांच्यावर मी इथं जागा घालवत नाही.

आईचं कारण

आईंचं सगळं खरं होतं. वजन वाढलेलं, गुडघे दुखायचे, साखर काठावर. पुण्याच्या नणंदेनं त्यांना उरुळी कांचनला नेलं. महात्मा गांधी मार्च १९४६ मध्ये तिथं राहिले, खेड्यातल्या गरिबाला माती, पाणी, ऊन आणि आहार यांच्यावर बरं करता येतं का ते बघायचं म्हणून त्यांनी तो आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंना तिथं ठेवलं. (तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. गांधींचे निसर्गोपचार इकडं पोचायला बराच काळ लागला, आणि पोचले ते गरिबाच्या झोपडीत नव्हे, मध्यमवर्गाच्या सुट्टीत.)

आई परत आल्या त्या हलक्या होऊन. संध्याकाळचं जेवण सातच्या आत, तेल कमी, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, रोज चालणं. वजन उतरलं तसे गुडघे शांत झाले. त्या म्हणायच्या मातीपट्टीनं झालं. मला वाटतं वजनानं झालं. आणखी एक गोष्ट त्या स्वतःच हसत सांगून गेल्या: "सर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी आयतं ताट वाढून दिलं. अन् तिथली डॉक्टर रोज विचारायची, झोप लागली का."

निसर्गोपचार शिकायला येणाऱ्यांत हे कारण सगळ्यात जास्त सापडतं: स्वतःला गुण आला, किंवा घरातल्या कुणाला आला. ते प्रामाणिक असतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. ज्याला गुण आला त्याला वाटतं, हे सगळ्यांना लागू पडतं. गुडघ्याला चाललं तर थायरॉइडला का नाही, आणि थायरॉइडला चाललं तर इन्सुलिन का सोडायचं नाही? लहानपणापासून मधुमेह असलेल्या पोराचं इन्सुलिन बंद केलं तर तो काही दिवसांत अतिदक्षता विभागात जातो किंवा त्याच्याही पलीकडं. स्वतःच्या गुडघ्याचा अनुभव ते सांगत नाही.

मुलीचं कारण

मुलगी दुसऱ्या भेटीला फक्त आईबरोबर आली. वडील नसल्यानं बोलली. रिपीटरच्या वर्षी ती ट्यूशन एरियातल्या होस्टेलवर होती. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत, मेसचा डबा अर्धा परत, चहा मोजायचा नाही. पाळी चार महिने आली नाही, केस गळायला लागले, झोप उडाली. दवाखान्यात गेली. "सर, मी आत गेले अन् बाहेर आले, एवढंच झालं. गोळ्या लिहून दिल्या. मी काय खाते, किती झोपते, कुणी विचारलंच नाही." गोळ्या तिनं घेतल्या नाहीत. होस्टेलजवळच योगवर्ग घेणाऱ्या एका बाईंनी तिला आधी रात्रीचा चहा बंद करायला लावला, मग श्वासाचं काहीतरी, मग पोटभर जेवायला. हळूहळू पाळी सुरळीत झाली.

म्हणजे कारण तिचंही 'मला गुण आला' याच जातीचं होतं, पण त्याच्या आत एक तक्रार होती: मला कुणी विचारलं नाही. पेशंटशी बोलायला वेळ मिळेल असा धंदा तिला हवा होता. हे मला आवडलं. पण एवढ्यावर साडेपाच वर्षं आणि बापाचं कर्ज लावायचं म्हणजे धाडस होतं. मी तिला सांगितलं, फी भरायच्या आधी एखाद्या निसर्गोपचार केंद्रावर जाऊन हाताखाली काम कर. प्रवेशाला वेळ आहे तोवर.

केंद्रावर

जिल्ह्यातच, हमरस्त्यापासून आत, शेतात एक छोटं केंद्र आहे. चालवणाऱ्या मॅडम बीएनवायएस झालेल्या. मुलगी तिथं मदतनीस म्हणून राहिली आणि रोज वहीत लिहीत गेली. ती वही मी वाचली आहे.

पहिलं पान पाण्याबद्दल आहे. कटिस्नानाला टबात बेंबीपर्यंत पाणी लागतं, पाय बाहेर, आणि ओल्या फडक्यानं ओटीपोट चोळायचं. पाणी थंड हवं. लातूरकडं उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी अंगाला चटका देतं, त्यामुळं आदल्या रात्री रांजण भरून ठेवायचे. टँकर आला नाही तर त्या दिवशी कटिस्नान नाही, फक्त मातीपट्टी. टबातलं पाणी बादलीनं काढून लिंबाच्या झाडांना. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात जलोपचार करायचा म्हणजे काय, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. तिथल्या फोटोत निळा टब असतो आणि पाठीमागं नारळाची झाडं.

दुसरं पान मातीचं. पट्टीची माती वरच्या थरातली घेत नाहीत, तीनचार फूट खालून काढतात, उन्हात वाळवतात, कुटून चाळतात, रात्रभर भिजवून सुती कापडात पसरून पोटावर वीसतीस मिनिटं ठेवतात. खडा नको, खत नको, फवारणी नको. केंद्राची माती संपत आली होती. मुलीनं घरी फोन केला. वडील, जे रोज तणनाशक आणि युरिया विकतात, ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपल्या सोयाबीनच्या रानातली नेऊ नको. ओढ्याच्या कडंचं पडीक हाय ना आज्याच्या वाट्याचं, तिथं मी कधी पंप नेलेला नाही. तिथली काळी घे." स्वतः ट्रॉली भरून घेऊन आले. केंद्र त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मॅडमशी बराच वेळ बोलत बसले, विषय माती. कोणत्या रानात काय फवारलं जातं याची त्यांच्याइतकी पक्की माहिती तालुक्यात दुसऱ्या कुणाला नसेल.

वहीत मग माणसं येतात. त्या दिवसांत केंद्रावर शिकायला म्हणून आणखी काहीजण होते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, उभं राहून राहून कंबर गेलेली, ती इथं सुधारली म्हणून मालिश शिकायला आलेले. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक ताई, त्यांना वाफस्नानाची पेटी पार्लरमध्ये ठेवायची होती आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं. एक नर्स, रात्रपाळीला कंटाळलेली. आणि एक गृहस्थ, ज्यांना फक्त प्रमाणपत्र कधी मिळतं एवढंच विचारायचं होतं. मुलीनं त्यांच्यापुढं लिहिलंय: 'एनिमाचा डबा धुवायची पाळी आली की यांना फोन येतो.' या चौघांत मला ब्यूटी पार्लरवाल्या ताई सगळ्यात भरवशाच्या वाटतात. आपण काय विकणार आणि काय नाही, हे त्यांना माहीत होतं.

तो प्रसंग

निलंग्याकडचे एक काका वजन आणि साखर कमी करायला दाखल झाले होते. भरतीच्या वेळी औषधं विचारली तर म्हणाले, काही नाही. गोळ्या सांगितल्या तर उपवास देणार नाहीत अशी त्यांची समजूत. घरी मात्र सांगून आलेले, की आता गोळ्या कायमच्या सुटणार. उपवासाला लिंबूपाणी आणि भाजीचं सूप. तिसऱ्या दिवशी पहाटे ते पट्टीसाठी आले तेव्हा दरदरून घाम, हात थरथरत होते आणि बोलणं भरकटलेलं. पट्टी लावणाऱ्या मावशींनी ओळखीचं वाक्य टाकलं: "काही नाही, आतली घाण बाहेर पडायलीय. उपासात असंच होतंय."

मुलीच्या आजीला साखरेची गोळी चालू आहे. आजी एकदा सणाला न जेवता गोळी घेऊन बसली होती तेव्हा अशीच घामानं भिजलेली तिनं पाहिली होती. तिनं काकांना विचारलं, "काका, सकाळी गोळी घेतली का?" काकांनी खिशाकडं बोट केलं. पाकीट ग्लिमेपिराइडचं, म्हणजे साखर उतरवणाऱ्या गोळीचं, त्या दिवसापर्यंत फोडलेलं. ती पळत मॅडमकडं गेली. ग्लुकोमीटरवर ५२, म्हणजे साखर फारच खाली गेलेली. मॅडमनी साखरपाणी पाजलं, काका भानावर आले. तरी त्यांना तिथं ठेवलं नाही. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, एकदा वर आलेली साखर पुन्हा खाली जाते, म्हणून गाडी काढून रुग्णालयात पाठवलं आणि काकांच्या नेहमीच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला.

गोळी सोडायला लावणारा निसर्गोपचारवाला लोकांना माहीत आहे, त्याच्यावर बोललंही जातं. उलटा धोका कुणाच्या लक्षात येत नाही: पेशंट चोरून गोळी चालू ठेवतो आणि उपवास करतो. जेवण बंद, पण गोळी साखर खाली ओढतच राहते. उपवास हे औषधासारखंच वापरायचं तर मात्राही औषधासारखी सांभाळावी लागते, चालू गोळ्यांचा हिशेब करून आणि ज्यानं त्या लिहिल्या त्या डॉक्टरला सांगून.

मुलगी पुढच्या रविवारी माझ्याकडं आली. आता ती सेवेचं काही बोलली नाही.

"सर, मावशी घाण म्हणत होत्या ना, मलाही तेच वाटलं असतं. आज्जीचं बघितलं म्हणून कळलं, नशीब. मॅडमना नुसतं बघून कळलं. मला ते कळायला पाहिजे. म्हणून मला पदवीच करायचीय, कोर्स नको."

एवढ्या दिवसांत ऐकलेल्या कारणांत हे पहिलं असं होतं, ज्याच्या आत अभ्यासक्रम होता. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, विकृतिशास्त्र हे विषय बीएनवायएसला असतात, आणि ते कशासाठी असतात हे तिला आता विचारायची गरज नव्हती. माझं मत इथंच बनलं. माणूस या धंद्यात कशासाठी आला यावर त्याचा हात कुठं थांबणार हे ठरतं. पाटीसाठी आलेला सलाईनपाशी जातो. गुण आला म्हणून आलेला 'गोळ्या सोडा'पर्यंत जातो. नीटमध्ये हरला म्हणून आलेला आयुष्यभर एमबीबीएसवाल्यांवर राग काढतो, आणि तो राग पेशंटला महागात पडतो. आपल्याला काय कळत नाही हे बघून जो आला, तो पेशंटला वेळेवर दुसरीकडं पाठवतो.

निर्णय

तरी मी तिला बीएएमएसच सुचवलं. आपल्याकडं नांदेडला आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, लातूरला खासगी आहे, वैद्यांची राज्यात रीतसर नोंदणी होते, आणि आयुर्वेदातही पथ्य, लंघन, दिनचर्या हे सगळं आहेच. पुन्हा नीट द्यायची की खासगीची फी भरायची, एवढाच प्रश्न. ती म्हणाली, तिसरा अटेम्प्ट नाही. हे मी लगेच मान्य केलं. होस्टेलवरचं तिचं वर्ष मला माहीत होतं. आणि खासगीची फी ऐकून वडील आधीच गप्प झाले होते.

मग निवड कॉलेजची. माहितीपत्रकातलं कॉलेज आम्ही बाजूला ठेवलं, कारण त्याच्या रुग्णालयात पेशंट भरती असतात का या प्रश्नाला तिथून नीट उत्तर आलं नाही. कर्नाटकात उजिरेला धर्मस्थळाच्या संस्थेचं कॉलेज १९८९ पासून आहे. मॅडम म्हणाल्या, तिथं जाऊन बघा, घ्यायचं असो वा नसो, म्हणजे बाकीची तोलायला माप मिळेल. बापलेक जाऊन आले. शेवटी प्रवेश घेतला दुसऱ्याच एका कॉलेजात, जिथं स्वतःचं भरतीचं रुग्णालय आहे आणि इंटर्नशिप तिथंच होते. नोंदणीबाबत काय ते मुलीनं कॉलेजकडून लेखी घेतलं. एजंटाला काही मिळालं नाही, त्यानं वडिलांशी बोलणं सोडलं.

वडील का तयार झाले, हे मला पुरतं उलगडलेलं नाही. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलेलं, कर्ज डोक्यावर, आणि सलाईनची आशा संपलेली. मातीच्या ट्रॉलीनंतर ते केंद्रावर अधूनमधून जात राहिले एवढं खरं. मॅडमनी त्यांना पगाराचंही स्पष्ट सांगितलं होतं: बीएनवायएस झालेल्यांना चांगल्या नोकऱ्या मिळतात त्या केरळ-कर्नाटकातल्या महागड्या रिसॉर्टांत, खेड्यात जम बसायला वर्षं लागतात. म्हणजे ज्या आजीच्या घामामुळं मुलगी या वाटेला लागली, तशा आज्यांना सोडून ती एखाद्या पंचतारांकित टबाजवळ उभी राहण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे. मी हे तिच्या तोंडावर बोललो. ती म्हणाली, "कर्ज फिटेपर्यंत जाईन की, सर." मला हे उत्तर पटलं नाही. पण दुसरं कोणतं उत्तर द्यायला हवं होतं तेही सांगता येत नाही.

सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. आईंनी मधल्या काळात मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका केली आणि गावात बायकांचा पहाटेचा वर्ग सुरू केला. सुट्टीत आलेल्या मुलीनं त्यांना वर्गासाठी एक कार्ड करून दिलं. नाव, वय, आणि तिसऱ्या ओळीत: 'सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? तोंडी सांगू नका, पाकीट आणा.' त्यावरून दोन बायका रागावून गेल्या, "योगाला आलाव का दवाखान्यात?" म्हणत. आई म्हणाल्या, गेल्या तर गेल्या. त्यातली एक मागच्या महिन्यात पाकीट घेऊन परत आलीय, ब्लड प्रेशरचं.